चावी फिरवण्याआधीची दहा मिनिटं

भाचेबुवा, चाकणच्या गोदामात फोर्कलिफ्टवर लागलास असं ताईनं फोनवर सांगितलं. पेढे नंतर खाऊ. एकतीस वर्षं मी हीच गाडी चालवली, तेव्हा थोडं ऐकून घे. चालवायला महिन्याभरात कुणीही शिकतो. मला सांगायचंय ते बहुतेक गाडी सुरू होण्याआधीचं आहे.

पाळीला आलास की थेट सीटवर चढू नकोस, आधी वाकून गाडीखाली बघ. रात्री जिथं उभी होती तिथं फरशीवर डाग असेल तर कुठून तरी ऑइल गळतंय. मग होज पाईप तपास, पण हातानं चाचपू नकोस. दाबाखालचं ऑइल सुईसारखं कातडीत घुसतं. वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आतून हात सडतो. पुठ्ठ्याचा तुकडा पाईपजवळून फिरव, गळती असेल तर त्यावर उमटते. कुणाला असं टोचलंच, तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना.

मग फोर्क. तो जिथं काटकोनात वळतो, त्या टाचेपाशीच जास्त झिजतो, आणि ती झीज नुसत्या डोळ्यांना कळत नाही. माप लाव. 40 मिलिमीटरचा फोर्क 36 वर आला की भंगारात. जाडी दहा टक्के गेली तर ताकद वीस टक्के जाते. तडा दिसला तर ‘वेल्डरकडून भरून घे’ म्हणणारा कुणीतरी भेटेलच. साध्या वेल्डिंगनं पोलादाचं पाणी उतरतं, म्हणून सरळ नाही म्हण. दोन्ही चेन सारख्या ताणलेल्या आहेत का बघ, कोरड्या असतील तर ऑइल मागून घे. टायर, चाकाचे नट, हॉर्न, ब्रेक, सीटबेल्ट यांना दोन मिनिटं पुरतात. बॅटरीची गाडी असेल तर डिस्टिल्ड पाणी चार्जिंग झाल्यावर भरायचं, आधी भरलं तर ॲसिड उतू जातं. चार्जिंगच्या जागी बिडी-काडी नाही, तिथं हायड्रोजन सुटतो.

दसऱ्याला गाडीची पूजा जरूर कर, पण झेंडूचा हार मास्टला घालू नकोस. आधीच त्या खांबांमधून समोरचं कमी दिसतं, त्यात माळ चेनमध्ये अडकते. हार मागं काउंटरवेटवर घाल आणि काम सुरू करायच्या आधी काढ.

आता नेमप्लेट. तिच्यावर ‘3 टन’ लिहिलंय म्हणून कुठलाही तीन टनी माल उचलू नकोस. शेजारी 500 मिलिमीटर असंही लिहिलेलं असतं. म्हणजे मालाचा मध्य फोर्कच्या उभ्या भागापासून अर्ध्या मीटरवर हवा. दीड मीटर खोलीची पेटी घेतलीस तर तिचा मध्य पाऊण मीटरवर जातो, आणि गाडीची ताकद काहीशे किलोंनी उतरते. दिसायला चार चाकं असली तरी गाडी उभी असते तीन टेकूंवर: पुढची दोन चाकं आणि मागच्या ॲक्सलची मधली पिन. म्हणून माल वर ठेवून वळू नये. फोर्क जमिनीपासून वीतभर, मास्ट मागं कललेला, असंच चालायचं. रॅम्पवर माल कायम चढाच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे उतरताना रिव्हर्स.

हिचं स्टिअरिंग मागच्या चाकांवर असतं, हे तुला पहिल्याच दिवशी सांगितलं असेल. मलाही सांगितलं होतं. तरी 1996 साली एका कारखान्यात मी गाडी डावीकडे घेतली आणि मागचं टोक उजवीकडे झाडूसारखं फिरलं. हेल्पर रॅक आणि काउंटरवेटच्या मध्ये उभा होता. तीन महिने त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. चूक माझी, वळण्याआधी मी फक्त पुढे बघितलं होतं. तेव्हापासून गाडीच्या आसपास माणूस दिसला की मी थांबतो, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवतो, मग हलतो. नुसत्या हॉर्नवर विसंबू नकोस. गोदामातल्या लोकांचे कान त्याला सरावलेले असतात.

आणि कधी गाडी कलंडलीच तर उडी मारू नकोस. उडी मारणारा वरच्या छताखाली सापडतो. बेल्ट लावलेलाच हवा, स्टिअरिंग घट्ट धर, पाय रोव आणि पडतीच्या उलट बाजूला झुक.

चेकलिस्टचा कागद बघितल्याशिवाय भरू नकोस. सुपरवायझर म्हणेल, “कंटेनर डॉकला लागलाय, टिका मार आणि निघ.” त्या दिवशी ब्रेक मऊ लागला तर चावी काढून त्याच्या टेबलावर ठेव. कंटेनर थांबतो. मी बरेच थांबवलेत, आणि त्यापायी माझी नोकरी एकदाही गेली नाही.