घनचक्करला निघालेल्या भाचीस

संगमनेर,
२ डिसेंबर

चि. मुक्ता हिस,


काल तुझ्या आईचा फोन होता. मी तुला पत्र लिहून अडवावं, अशी तिची इच्छा. अडवायला मला तोंड नाही. तुझ्या वयात मी तिला न सांगताच जायचो. तेव्हा जा. फक्त निघण्याआधी हे पत्र तुझ्या चारही मित्रांना वाचून दाखव.

राज्यातली उंच शिखरं बघ: कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७, आणि त्यांच्या खालोखाल घनचक्कर १५३२. पण पहिल्या दोघांवरून तिसऱ्याचा अंदाज बांधू नकोस. कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, वर देवीचं देऊळ आहे, रविवारी माणसांची रांग असते. साल्हेर किल्ला आहे, म्हणजे कुणीतरी तिथे राहण्याचा विचार केला होता. घनचक्करवर नुसतं पठार आणि गवत. सावली नाही, भरवशाचं पाणी नाही, वाट विचारायला माणूस नाही. पुढचं गवळदेव १५२२ मीटर, ते तर आणखी आडबाजूला. तुम्ही एका दिवसात दोन्ही करायचं म्हणता. होतं. आम्हीही तेच ठरवलं होतं.

ती १९९४ सालची गोष्ट, आणि ती मी तुझ्या आईला आजवर पुरती सांगितलेली नाही. आम्ही चौघं होतो. शिरपुंज्यातून वर चढून गवळदेव करून पलीकडे कुमशेतला उतरायचं, म्हणून जीप सकाळीच कुमशेतला पाठवून दिली. फार हुशारी केली असं वाटलं होतं. चहा-पोह्यांत साडेसात वाजले. खिंडीत पोचल्यावर, एवढं आलोच आहोत तर शेजारचा भैरवगडही बघू म्हणून कातळातल्या पायऱ्या चढून गुहेतल्या भैरोबाला जाऊन आलो. घनचक्करच्या माथ्यावर पाय ठेवला तेव्हा साडेबारा झाले होते. परत फिरायला हवं, हे चौघांनाही कळत होतं. पण जीप कुमशेतला! मागे फिरून शिरपुंज्यात उतरावं तर तिथे कोण आपली वाट बघतंय? त्या एका जीपने आमचा निर्णय सकाळीच करून टाकला होता.

समोर गवळदेव दिसत होतं. दोन्हींच्या उंचीत फरक दहा मीटरचा, त्यामुळे ते डोळ्यांच्या रेषेत येतं आणि हाताशी असल्यासारखं वाटतं. मधे डोंगर खाली उतरतो, पुन्हा चढतो, हे नजर सांगत नाही. पाय सांगतात, तेही निम्मी वाट गेल्यावर. गवळदेववर चार वाजले. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य बुडतो. उतरताना कारवीच्या झुडपांत शिरलो आणि संपलं. ढोरवाटा दहा दिशांना फुटत होत्या, दोनांपैकी एका विजेरीचे सेल गेलेले, पाण्याचा घोटही उरला नव्हता. एका खडकाला पाठ टेकून चौघांनी रात्र काढली. उजाडल्यावर बघतो तर कुमशेतची वाट आमच्या डोक्यावर तीसेक पावलांवर.

याची गंमत वाटेल, मलाही बरीच वर्षं वाटायची. पण खाली उतरलो तेव्हा गावातले सहा जण भाताची झोडणी टाकून रात्रभर आम्हाला शोधत फिरले होते, हे कळलं. त्यांच्यातल्या एकानेही शब्दाने दुखावलं नाही. भाकरी आणि तिखट पुढे केलं. ती भाकरी खाताना मान वर करवली नाही. चूक सर्वस्वी माझी होती, कारण जीप पाठवायची कल्पना माझी.

म्हणून माझी पहिली विनवणी जीपची. ती कुमशेतला पाठवू नका, शिरपुंज्यातच ठेवा. ड्रायव्हरला सांगा, चार वाजेपर्यंत पोरं परतली नाहीत तर कुमशेतला ये. फोनवर विसंबायला नको. आणि घनचक्करच्या माथ्यावर अकरा वाजून गेले असतील तर तिथेच डबा सोडा, मनसोक्त बघा आणि आल्या वाटेने उतरा. ही वेळ वर जाऊन ठरवायची नाही. शनिवारी रात्री पाचही जणांनी मिळून ठरवा आणि वाटाड्यालाही सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही विरघळलात तरी तो विरघळणार नाही.

हो, वाटाड्या. तुझ्या मोबाइलमध्ये कुणाच्या तरी चालीची रेघ उतरवून घेतली आहेस म्हणे. असू दे ती. पण ती रेघ पावसाळ्यानंतर वाढलेल्या कारवीला ओळखत नाही, आणि आग्यामोहोळ यंदा कुठल्या कड्याला लागलंय हेही तिला ठाऊक नाही. शिरपुंज्यातला माणूस या डोंगरात हिरडा गोळा करत, गुरं राखत मोठा झालेला असतो. त्याला नावाने हाक मार, अहोजाहो कर. पैसे आधी ठरव आणि ठरल्यापेक्षा कमी देऊ नकोस. मोहोळाचं निघालंच आहे तर, अंगाला अत्तर-बित्तर काही नको. आणि तुमच्यातला जो सिगरेट ओढतो (आहे एक, मला माहीत आहे) त्याने त्या दिवशी खिसा रिकामा ठेवावा. डिसेंबरातलं गवत पेटायला ठिणगीही पुरते, आणि हा सगळा मुलूख १९८६ पासून अभयारण्य आहे.

माणशी चार लिटर पाणी. जड होतं, होऊ दे. तळवा गुळगुळीत झालेले बूट घरी ठेव. वाळलेलं गवत घसाऱ्यापेक्षा वाईट घसरतं.

आता बघण्याबद्दल. माथ्यावर उत्तरेला तोंड करून उभी राहा. खाली भंडारदऱ्याचं पाणी, त्यापलीकडे कळसूबाई, डावीकडे सरकत गेलीस की अलंग, मदन, कुलंग आणि रतनगड. वळून दक्षिणेला पाहिलंस की हरिश्चंद्रगड. तू उभी असशील ती धार म्हणजे पाण्याची वाटणी आहे. उत्तर अंगाला पडलेला पाऊस प्रवरेला जातो, दक्षिण अंगाचा मुळेला. पुढे मुळा प्रवरेला मिळते, प्रवरा गोदावरीला. आमच्या संगमनेरावरून वाहते ती हीच प्रवरा. हे भूगोलाच्या हौसेने सांगत नाही. धुकं आलं किंवा वाट हरवली, तर आधी एवढंच ठरवायचं की आपण मुळेच्या अंगाला आहोत की प्रवरेच्या. कुमशेत आणि शिरपुंजे, दोन्ही मुळेच्या बाजूला. चुकून उत्तरेच्या एखाद्या नाळेत उतरलात तर आधी कडे आडवे येतील, आणि त्यातून निभावलात तरी गाडी डोंगराच्या भलत्याच बाजूला उभी असेल.

गवळदेव राहिलं तर पुढल्या वर्षी थेट कुमशेतहून जा. मला गुडघे साथ देतील तिथवर मीही येईन, पायथ्याशी चहा करत बसेन.

शनिवारी पुण्याहून येताना दुपारी घरी उतरा. मामी पिठलं-भाकरी करून ठेवणार आहे आणि माझी विजेरी नव्या सेलांसकट दारातल्या खुंटीवर टांगलेली आहे. अंधार पडायच्या आत राजूर गाठा, आणि तिथून तुझ्या आईला फोन कर. पुढे रेंज मिळेलच असं नाही.

तुझा,
मामा