अँथनी गोन्साल्विस : गाण्यातले नाव आणि खरा माणूस



१९७७ साली 'अमर अकबर अँथनी' हा चित्रपट आला आणि अँथनी गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोचले. ईस्टरच्या प्रचंड अंड्यातून बाहेर येऊन गाणारा अमिताभ बच्चन आपल्याला आठवतो. पण ते नाव एका खऱ्या माणसाचे होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. चित्रपटाचे संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. त्यांतील प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, त्या गुरूंचे नाव त्यांनी या गाण्यात आणले. आज आपण त्या गुरूंची ओळख करून घेऊ.

चर्चच्या अंगणातले शिक्षण

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली गोव्यात, माजोर्डा गावी झाला. वडील गावच्या चर्चचा गायकवृंद सांभाळत. पोर्तुगीज काळात गोव्यातील अनेक चर्चना जोडून शाळा असे. तिथे मुलांना स्वरलिपी वाचायला, लॅटिन गीते गायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. गरिबाचे मूलही स्वर वाचू लागे. याच विद्येच्या बळावर अनेक गोवेकर मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पोटाला लागले. अँथनीही विशीत पोचण्याआधीच मुंबईत आले.

संगीतकार पेटीवर चाल ऐकवीत. ती व्हायोलिन, चेलो, ट्रंपेट अशा प्रत्येक वाद्यासाठी कागदावर उतरवणे हे 'अरेंजर'चे काम. गोवेकरांनी ते वर्षानुवर्षे केले, पण तबकड्यांवर त्यांची नावे क्वचितच छापली गेली.

शंभर जणांचा राग

गोन्साल्विस यांचे मन तेवढ्यावर थांबले नाही. आपले राग मोठ्या वाद्यवृंदाने वाजवावेत, हा त्यांचा ध्यास होता. आपल्या भागात राग म्हणजे एका कलावंताची साधना. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत गुरूसमोर बसून शिकले. पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि वर्गात शिकवता यावे म्हणून स्वरलिपी घडवली. साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे गजाननबुवा जोशी यांनी तर व्हायोलिनवरही राग रंगवले. पण शंभर जणांनी वेगवेगळे स्वर वाजवून एकच राग उभा करायचा, ही गोष्ट निराळी होती.

अडचण कोणती, ते पाहा. गोन्साल्विस यांनी सारंग रागात रचना केली. सारंगात गंधार आणि धैवत वर्ज्य असतात. पाश्चात्त्य सुसंवादाचा पाया मात्र षड्ज, गंधार आणि पंचम एकत्र वाजवण्याचा. कीबोर्ड शिकणारे मूल हेच तीन स्वर प्रथम शिकते. तो गंधार वाजला की सारंग उरत नाही. म्हणून प्रत्येक वाद्याचे स्वर लिहिताना रागाच्या मर्यादेतच वाट शोधावी लागते.

१९५८ साली त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम झाला. शंभराहून अधिक कलावंत होते, आणि लता मंगेशकर व मन्ना डे गायले. पण असा वाद्यवृंद चालवणे सोपे नव्हते. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले. पुढे माजोर्ड्याला परतले आणि १८ जानेवारी २०१२ रोजी वारले.

आपल्यासाठी धडा

गोन्साल्विस यांच्या त्या प्रयोगानंतर पाच वर्षांनी, १९६३ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत स्थानिक संगीताला योग्य स्थान द्यावे, असे सांगितले. आपण मराठी मिस्सा गातो, भजनेही म्हणतो. पण आपली मुले बहुतेक गाणी मोबाईलवर ऐकून पाठ करतात. जे ऐकून पाठ केले, तेवढेच गाता येते. स्वर वाचता आले, तर न ऐकलेले गीतही आपले होते आणि नवे रचताही येते. माजोर्ड्याच्या त्या मुलाला हे बालपणीच मिळाले, कारण गावच्या चर्चने ते आपले काम मानले.

या आठवड्यात घरी यावर बोलूया :
१. आपल्या घरातले कोणते मूल गायला किंवा वाजवायला उत्सुक आहे?
२. आपल्यापैकी कोणाला स्वरलिपी येते? आठवड्यातला एक तास ते मुलांना देतील का?
३. गायकवृंदात आपण शेजाऱ्याचा आवाज ऐकून गातो, की फक्त स्वतःचा?