बुडता कारखाना सावरत का नाही?

बुडत्या कारखान्यात पैसा ओतला, चालक बदलला, की तो सावरतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत किती अपुरी आहे, हे ‘ब्रिटिश लेलँड’ या इंग्लंडमधील मोटार-कंपनीच्या इतिहासावरून कळून येते.

१९६८ साली दोन मोठ्या कंपन्यांच्या विलीनीकरणातून ही कंपनी जन्मास आली. ऑस्टिन, मॉरिस, रोव्हर, ट्रायम्फ, जग्वार अशी नामांकित घराणी एका छपराखाली आली खरी; परंतु चुली वेगळ्याच राहिल्या. रोव्हर आणि ट्रायम्फ एकाच गिऱ्हाइकासाठी परस्परांशी झगडत. संप वारंवार होत. नव्या रचनेसाठी पैसा अपुरा पडे. म्हणून १९७१ सालच्या ‘मॉरिस मरिना’त १९४८ सालच्या ‘मॉरिस मायनर’च्या पुढील चाकांची रचना वापरावी लागली. जुनाट मोटार खपत नाही. खप नाही म्हणून पैसा नाही. आणि पैसा नाही म्हणून नवी मोटार नाही, असे हे दुष्टचक्र होते.

१९७५ साली सरकारने कंपनी ताब्यात घेतली. १९७७ साली आलेल्या मायकेल एडवर्ड्स यांनी काही कारखाने बंद केले व १९७९ साली जपानच्या होंडा कंपनीशी करार केला. या सहकार्यातून बऱ्या मोटारी निघू लागल्या. पण १९८८ साली मालकी ब्रिटिश एरोस्पेसकडे व १९९४ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यूकडे गेली. होंडाशी असलेले नाते तुटले. नवी मोटार आराखड्यातून रस्त्यावर येण्यास काही वर्षे लागतात. येथे तेवढ्या अवधीत धोरणच पालटे.

२००० साली रोव्हर मोटारींचा व्यवसाय अवघ्या दहा पौंडांना विकला गेला. एप्रिल २००५ मध्ये लाँगब्रिजचा कारखाना थांबला आणि सुमारे ६,००० कामगारांच्या घरची मिळकत बंद झाली. यांपैकी बहुतेकांचा त्या निर्णयांत काडीचाही हात नव्हता.

मग दोष इंग्रज कारागिरांच्या हातांत होता काय? तसे म्हणता येत नाही. बीएमडब्ल्यूने स्वतःकडे ठेवलेली ‘मिनी’ २००१ पासून ऑक्सफर्डजवळील काउली येथे नव्या रूपात तयार होऊ लागली व जगभर खपली. त्याच जुन्या कुटुंबातील जग्वार आणि लँड रोव्हर २००८ साली आपल्या टाटा मोटर्सने विकत घेतल्या. जेथे पुरेसे भांडवल आणि एकच धोरण दीर्घकाळ लाभले, तेथे तीच नावे तगली.

विद्यार्थिमित्रांनो, पाटी बदलणे एका दिवसाचे काम आहे. पाटीमागचे काम सुधारण्यास वर्षे लागतात, आणि ती वर्षे कोणीतरी धीराने द्यावी लागतात.