मी यंत्र नाही, हे किती वेळा सांगायचे?

प्रश्न : मुलगी मुंबईला शिकायला असते. तिच्यासाठी तात्काळ तिकीट काढायला मी वेळेवर मोबाइल घेऊन बसतो. वाकडीतिकडी अक्षरे बघून बघून टाकली तरी ‘कॅप्चा चुकीचा’ असे येते आणि तोवर गाडी भरून जाते. सातबारा काढतानाही हाच त्रास होतो. काही साइटवर मात्र एका चौकोनात नुसती टिक केली की काम होते. मी माणूस आहे हे त्या चौकोनाला कसे कळते? आणि एवढे कळत असेल, तर माझे आणखी काय काय कळत असेल?
— एक वाचक, अहमदपूर (जि. लातूर)

उत्तर : तुमच्या पत्रात तीन शंका एकमेकींत गुंतल्या आहेत. कॅप्चा लागतो कशाला, बरोबर टाकूनही नाकारला का जातो आणि टिकचा चौकोन नेमके काय बघतो. एकेक सोडवू.

तात्काळचे आरक्षण एसी डब्यांसाठी सकाळी १० वाजता आणि बाकी डब्यांसाठी ११ वाजता उघडते. देवगिरी एक्सप्रेस असो, नंदिग्राम असो की लातूर-मुंबई, त्या क्षणी सगळ्यांची एकदम झुंबड उडते. पण ती झुंबड सगळी माणसांची नसते. तात्काळ सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या एकूण प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न बॉटचे, म्हणजे आपोआप फॉर्म भरणाऱ्या प्रोग्रॅमचे असतात, असे रेल्वेनेच जून २०२५ मध्ये सांगितले. अडीच कोटींहून जास्त संशयास्पद खाती बंद केल्याचेही त्याच वेळी जाहीर झाले. तुम्ही प्रवाशाचे नाव लिहीत असता तेवढ्यात बॉटचा अख्खा फॉर्म भरून झालेला असतो. त्याला दारातच अडवायला कॅप्चा ठेवलेला असतो. अडचण अशी की दार एकच आहे आणि त्यातून तुम्हालाही जावे लागते.

आता अक्षरे का नाकारली जातात ते पाहू. बहुतेक वेळा तुमच्या डोळ्यांचा दोष नसतो. कॅप्चाचे चित्र पान उघडतानाच तयार होते आणि त्याला ठरावीक मुदत असते. तुम्ही साडेदहाला पान उघडून अकराची वाट पाहत बसलात, तर समोरचे चित्र तोवर शिळे झालेले असते. अक्षरे बरोबर टाकली तरी ती साइटला चूकच वाटतात. म्हणून कॅप्चा भरण्याआधी शेजारच्या गोल बाणावर बोट ठेवून नवे चित्र मागवावे.

दुसरे कारण मोबाइलच्या कीबोर्डात दडलेले असते. तो पहिले अक्षर आपणहून मोठे करतो किंवा शब्द सुचवताना शेवटी एक रिकामी जागा घालतो. ती जागा आपल्याला दिसत नाही, साइटला दिसते. आपल्याकडे एक खास घोटाळा होतो, तो कीबोर्ड मराठीवर राहिल्याचा. चित्रात इंग्रजी पाच असतो, आपण मराठी ५ टाकतो. आपल्या दृष्टीने आकडा तोच, संगणकाच्या लेखी मात्र ती दोन वेगळी चिन्हे आहेत. काही साइट दोन्ही चालवून घेतात, सगळ्या नाहीत. शून्य आणि इंग्रजी ओ, किंवा एक, छोटा एल आणि मोठा आय यांत गोंधळ वाटला तर डोळे ताणत बसू नये, चित्र बदलावे. चित्र बदलल्याबद्दल कुठलीही साइट दंड करत नाही.

अक्षरे इतकी वाकडी का करतात, यामागे थोडा इतिहास आहे. २००० सालाच्या सुमारास याहूच्या चॅट रूममध्ये बॉट शिरून जाहिराती टाकू लागले. तेव्हा अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले मॅन्युएल ब्लम आणि त्यांचे विद्यार्थी लुईस फॉन आन वगैरे मंडळींनी ही परीक्षा तयार केली. माणसाला वाचता येते आणि संगणकाला येत नाही, असे काहीतरी समोर ठेवायचे, एवढीच कल्पना. २००७ मध्ये फॉन आन यांनी रीकॅप्चा काढला आणि त्यात जुन्या छापील मजकुरातले, संगणकाला न लागलेले शब्द लोकांपुढे ठेवले. न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक अशा रीतीने जगभरच्या लोकांनी नकळत उतरवून दिले. २००९ मध्ये गूगलने रीकॅप्चा विकत घेतला. पुढे शब्दांच्या जागी रस्त्यांची चित्रे आली. ती बरीचशी अमेरिकेतली असल्यामुळे आपल्याला फायर हायड्रंट शोधायला सांगतात. तो म्हणजे आगीच्या बंबाला पाणी देणारा, फुटपाथवरचा ठेंगणा नळ. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत तो कधी दिसलेला नसतो, त्यामुळे तिथे अडखळणाऱ्याला अडाणी समजू नये. ती प्रश्नपत्रिकेचीच चूक आहे.

दरम्यान यंत्रे वाचायला शिकली. सर्वांत अवघड वाकडी अक्षरेही आपला प्रोग्रॅम ९९.८ टक्के अचूक वाचतो, असे गूगलनेच २०१४ मध्ये सांगितले. २०२४ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी रस्त्यांच्या चित्रांचा रीकॅप्चाही यंत्राकडून शंभर टक्के सोडवून दाखवला. म्हणजे अक्षरे आणखी वाकडी केली, तर आता आधी माणूसच नापास होईल.

तुमचा टिकचा चौकोन आला तो यातूनच, २०१४ च्या अखेरीस. पुष्कळांना वाटते की टिक करणे हीच परीक्षा आहे. तसे नाही, टिक तर कोणताही प्रोग्रॅम करू शकतो. टिकच्या आधी आणि टिक करताना तुम्ही कसे वागलात हे तिथे तपासले जाते. माउस सरळ रेषेत झेपावला की वळसा घेत आला, ब्राउझर कोणता, इंटरनेटचा पत्ता कोणता, ब्राउझरमध्ये आधीच्या भेटींच्या खुणा, म्हणजे कुकीज, आहेत का. गावातला किराणा दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला न विचारता उधार देतो आणि परक्याला चार प्रश्न विचारतो, तसाच हा हिशेब आहे. शंका आली तर चित्रे पुढे येतात. रीकॅप्चाच्या २०१८ पासूनच्या तिसऱ्या आवृत्तीत तर चौकोनही नाही. ती मागच्या मागे तुम्हाला गुण देते, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

महा ई-सेवा केंद्रात कॅप्चा जास्त का छळतो, तेही इथेच उलगडते. एकाच जोडणीवरून दिवसभर फॉर्मवर फॉर्म भरले जातात, ते बॉटसारखे दिसते. मोबाइल कंपन्याही इंटरनेटचा एकेक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. त्यातल्या एकाने उपद्व्याप केला तरी बाकीच्यांकडे संशयाने पाहिले जाते. घरी वायफाय असेल तर त्यावरून प्रयत्न करून पाहा, व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटचा खरा पत्ता झाकणारी सोय, चालू असेल तर बंद करा.

आता तुमचे आणखी काय कळते? सरकारी साइटवरची साधी अक्षरे किंवा ‘सात अधिक चार किती’ असला कॅप्चा बहुधा त्याच साइटने तयार केलेला असतो. तो तुमच्याविषयी फारसे काही गोळा करत नाही. रीकॅप्चासारखी बाहेरच्या कंपनीची सोय वापरली असेल, तर तुमच्या ब्राउझरची आणि वागण्याची माहिती त्या कंपनीकडे जाते. ही माहिती जाहिराती दाखवण्यासाठी वापरत नाही, असे गूगल सांगते. पण ती जाते हे वापरणाऱ्याला सांगायला हवे की नको? मार्च २०२३ मध्ये फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने सिटीस्कूट या कंपनीला १,२५,००० युरोंचा दंड केला. लोकांना न सांगता, न विचारता रीकॅप्चा वापरणे हे त्याचे एक कारण होते. आपल्याकडे खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. तेव्हा हा प्रश्न आपणही विचारू शकतो, आणि विचारावा.

मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या पायरीची. कॅप्चा एवढेच विचारत होता, तुम्ही माणूस आहात का? नाव विचारत नव्हता. तो कमी पडू लागल्यावर व्यवस्था विचारू लागल्या, तुम्ही कोण आहात? १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तात्काळ तिकीट आधार पडताळलेल्या खात्यावरूनच निघते आणि त्याच महिन्याच्या १५ तारखेपासून आधारचा ओटीपीही लागतो. बॉट रोखायला हा उपाय कॅप्चापेक्षा भक्कम आहे, हे मान्य करायलाच हवे. पण किंमतही मोठी आहे. चुकलेला कॅप्चा दुसऱ्यांदा टाकता येतो. आधार क्रमांक आणि ओटीपी भलत्याच्या हाती गेले तर ते परत घेता येत नाहीत.

म्हणून पुष्कळ लोक करतात ती गल्लत टाळा. कॅप्चा आणि ओटीपी सारखे नाहीत. कॅप्चा गुपित नसतो, शेजाऱ्याकडून वाचून घेतला तरी बिघडत नाही. ओटीपी मात्र आपला आपणच टाकावा. केंद्रात काम करून घेतलेत तर आपल्या खात्यातून लॉगआउट झाल्याचे डोळ्यांनी पाहूनच उठा. जिथे चालते तिथे आधारची, फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी, मास्क्ड प्रत द्या.

कॅप्चाचे सोंग घेऊन फसवणूकही होते. ‘यंत्र नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे आले तर ती नोटिफिकेशनची परवानगी असते. ती दिली की जाहिरातींचा मारा सुरू होतो. त्याहून वाईट प्रकार संगणकावर होतो. विंडोजची कळ आणि आर दाबा, मग पेस्ट करून एंटर मारा, असे ते पान सांगते. तसे केले की तुमच्याच हाताने व्हायरस चालू होतो. खरा कॅप्चा त्या पानाबाहेर काहीही करायला लावत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

तुम्ही पत्रात लिहिले नाही, पण कॅप्चाची सर्वांत जास्त झळ ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसते त्यांना बसते. कानाच्या किंवा स्पीकरच्या चिन्हावर दाबले की अक्षरे ऐकू येतात, पण ही सोय कित्येक ठिकाणी नसते, असली तरी आवाज घोगरा असतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवायसीसाठी डोळे मिचकावून दाखवण्याच्या सक्तीविरुद्धच्या प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. तेव्हा सरकारी साइटवर आवाजाची सोय नसेल, तर केंद्र सरकारच्या पीजी पोर्टलवर पानाच्या स्क्रीनशॉटसह तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा.