हिशेब घोडा सुटण्याआधी करा

प्रश्न : माझे परंड्यात कृषी सेवा केंद्र आहे, थोडी बागायतही आहे. पावसाळ्यात पुण्याचा रेसचा सीझन सुरू झाला की कुर्डुवाडीहून रेल्वेने जातो. या सीझनला एकदा ६० हजार लागले, पण हातात ४२ हजारच आले. बाकी दिवसांचा मिळून तोटा ८५ हजारांच्या आसपास आहे. (१) मित्र म्हणतो, फेव्हरिटवर ५०० लाव, हरलास की रक्कम डबल करत जा, कधीतरी लागतोच. हे बरोबर आहे का? भांडवलाचा किती भाग एका घोड्यावर लावावा? (२) कापलेला कर तोटा दाखवून परत मिळेल का? (३) गावातला एक जण फोनवर रेस घेतो. माझे जिंकलेले ४० हजार तो देत नाही. काय करावे?
– एक वाचक, परंडा

उत्तर : आधी मित्राची युक्ती कागदावर मांडू. बाजीच्या पूर्ण दर्शनी रकमेवर जीएसटी लागतो. ऑक्टोबर २०२३ पासून तो २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. म्हणजे ५०० च्या बाजीला खिशातून ७०० गेले असे धरा. भाव एकास एक आहे. पहिली रेस हरलात, दुसरीत १,००० लावले, त्याला १,४०० गेले. घोडा आला, २,००० मिळाले. पण दोन रेसमध्ये मिळून गेले २,१००. जिंकूनही १०० रुपये अंगावर! सलग सात हरलात तर ८८,९०० गेलेले असतात. आठव्या बाजीला ६४ हजार आणि त्यावरचा २५,६०० कर मोजून जिंकलात तरी एकूण ५०,५०० रुपयांचा खड्डा राहतो, आणि जिंकलेल्या रकमेवरची करकपात वेगळीच. सलग सात हार ही दुर्मीळ गोष्टही नाही. फेव्हरिट साधारण तीनांतली एक रेस जिंकतो. त्या हिशेबाने प्रत्येक सतरा वेळांत एकदा सातही रेस हातच्या जातात.

भांडवलाचा किती भाग लावावा, याचे गणित बेल लॅब्जमधल्या जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडले. त्याचा गाभा असा : भावापेक्षा तुमची जिंकण्याची शक्यता जितकी जास्त, तितकीच बाजी मोठी. शक्यता कमी असेल तर उत्तर शून्य. एकास एक भावावर कर धरून नुसती बरोबरी साधायलाही दहापैकी सात रेस जिंकाव्या लागतात. त्यामुळे तुमच्यासाठी केलींचे उत्तर शून्यच येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटले, हे खरे. पण त्या निकालाने शर्यत जुगाराच्या व्याख्येतून बाहेर काढली, नफ्याची हमी कोणाला दिली नाही.

म्हणून रेसच्या पैशाला भांडवल म्हणूच नका, तो खर्च आहे. सोनारीच्या यात्रेला निघताना जसे खर्चायचे पैसे वेगळे काढता, तसा सीझनचा आकडा आधी ठरवा. तो पूर्ण बुडाला तरी दुकानाचा माल, मुलांची फी आणि उसाचे बिल यांना धक्का लागता कामा नये. त्याचे रेसच्या दिवसांइतके भाग करा आणि तेवढेच रोख घेऊन जा. फोनवरची यूपीआयची दिवसाची मर्यादा घरी बसूनच कमी करून ठेवा. प्रत्येक रेसला एकच ठरलेली रक्कम लावा, हरल्यावर वाढवू नका, जिंकल्यावरही नाही. वहीत तारीख, बाजी, कर आणि परतावा असे चार रकाने आखा. 'आसपास ८५ हजार' लिहिणाऱ्याकडे बहुधा वही नसते. पीककर्जाला तर हातच लावू नका. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याज शून्य पडते. हप्ता रेसमध्ये अडकला की ती सवलत गेली.

आता कर. रेसच्या कमाईवर सरसकट ३० टक्के प्राप्तिकर आणि त्या करावर ४ टक्के उपकर लागतो. एका व्यवहारात १० हजारांवर रक्कम लागली की ३० टक्के जागीच कापले जातात. तुमचे १८ हजार त्यातच गेले. हरलेल्या बाज्यांचा तोटा यातून वजा होत नाही, तिकीट किंवा प्रवासाचा खर्चही नाही. 'माझे बाकीचे उत्पन्न करपात्र नाही, मग परतावा मिळेल' असे अनेकांना वाटते, पण या कमाईला मूळ करमाफ मर्यादेचा आधार मिळत नाही. उलट उपकराचे ७२० रुपये तुमच्याकडूनच येणे आहेत. विवरणपत्रासाठी 'सहज' किंवा 'सुगम' अर्ज चालणार नाही. दुकानाचा व्यवसाय असल्याने आयटीआर-३ भरा आणि कापलेली रक्कम २६एएस मध्ये दिसते का ते तपासा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कडू आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचे पैसे कोर्टातून वसूल होत नाहीत. त्याने दिलेला चेक वटला नाही, तरी मागे कायदेशीर देणे नसल्याने खटला टिकवणे अवघड. शिवाय महाराष्ट्राच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातली सूट रेसच्या दिवशी, परवानाधारक रेसकोर्सने मंजुरीने राखलेल्या जागेत लावलेल्या बाजीला आहे. गावातली फोनवरची बाजी त्यात बसत नाही. तक्रार नेलीत तर तुमचाही जबाब होईल. ४० हजारांवर पाणी सोडा आणि तो नंबर फोनमधून काढून टाका.

प्रश्न : रेसच्या नादात पतींनी खासगी सावकाराकडून दरमहा १० टक्क्यांनी पैसे घेतले. तारण म्हणून शेताचे खरेदीखत करून दिले आणि माझे दागिनेही ठेवले. हे कर्ज मला फेडावे लागेल का?
– एक भगिनी, परंडा तालुका

उत्तर : ताई, तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नसेल, तर पतींचे हे कर्ज तुमच्यावर येत नाही. दागिने तुमचे स्त्रीधन आहेत. ते तुमच्या संमतीशिवाय ठेवले असतील तर तसे लेखी नोंदवा.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा, २०१४ नुसार सावकारीला परवाना लागतो आणि विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. सावकारीच्या व्यवहारापोटी खरेदीखत झाल्याचे चौकशीत सिद्ध झाले, तर ते रद्द ठरवून जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज द्या. सोबत खरेदीखताची नक्कल, सातबारा, फेरफार, बँकेतून किंवा फोनवरून दिलेल्या व्याजाच्या नोंदी आणि साक्षीदारांची नावे जोडा. पोच घेतल्याशिवाय परतू नका. अर्जाचा निकाल लागेपर्यंत सावकाराने पुढे केलेल्या कोणत्याही कागदावर घरातल्या कोणीही सही करू नये.

पतींना थांबायचे आहे पण थांबता येत नसेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते. जमीन परत मिळाली तरी नाद सुटला नाही, तर दुसरे खरेदीखत व्हायला वेळ लागत नाही. म्हणून अर्ज आणि हा फोन एकाच आठवड्यात करा.