पडला, पण हरला नाही
अमेरिकेत फुटबॉल हातात धरून पळतात. पळणाऱ्याला समोरचे गडी पाडतात.

फ्रिट्झ पोलार्ड हा असाच पळणारा गडी. जन्म १८९४ सालचा. अंगाने लहान, पण पायाने चपळ. तो काळा होता. म्हणून तो पडला, की काही गोरे गडी मुद्दाम त्याच्या अंगावर उड्या घेत. मग पोलार्ड काय करी? पडताच उताणा होई. पाय वर धरी. आता अंगावर कोण येणार?

१९२० साली त्याचा ॲक्रन गावचा संघ पहिला आला. १९२१ साली संघाला शिकवण्याचे कामही त्याच्याकडे आले. गोऱ्या गड्यांचा गुरू काळा माणूस!

पण १९३४ पासून बारा वर्षे मोठ्या संघांनी एकही काळा गडी घेतला नाही. पोलार्ड १९८६ साली वारला. थोर खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव लागले २००५ साली. गुण होताच. कबूल करायला लोकांना उशीर लागला.