श्वास पाहणारा डोळा

तान्हे मूल गाढ झोपले, की घरातील आजी हळूच वाकून त्याच्या छातीकडे पाहते. ती खालीवर होताना दिसली म्हणजे तिचे मन निवते. कधी शंका आलीच, तर नाकाशी सूत धरून पाहण्याची रीतही आपल्याकडे जुनीच आहे.

परंतु दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बालकाच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. निरोगी नवजात बालक मिनिटाला सुमारे ४० ते ६० वेळा श्वास घेते. अपुऱ्या दिवसांच्या बालकाचा श्वास मात्र मधेच थांबू शकतो, आणि तो २० सेकंद थांबला तर तो धोक्याचा इशाराच होय. म्हणून रुग्णालयात त्याच्या छातीवर चिकटपट्ट्या लावून त्यांच्या तारा यंत्राला जोडतात. पण त्या बालकाची त्वचा इतकी नाजूक असते, की पट्टी काढताना कधीकधी तीही सोलून निघते! जीव राखण्यासाठी लावलेल्या पट्टीनेच इजा व्हावी, हे केवढे दुर्दैव!

मग स्पर्श न करताच श्वास मोजता येईल काय? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील मायकेल रुबिनस्टाइन, विल्यम फ्रीमन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली एक युक्ती प्रसिद्ध केली. व्हिडिओ म्हणजे सेकंदाला साधारण ३० या वेगाने घेतलेली चित्रे, आणि प्रत्येक चित्र म्हणजे लक्षावधी ठिपके. श्वासाबरोबर छाती केसभर हलली, तरी तेथील ठिपक्यांचा उजळपणा किंचित बदलतो. आपल्या डोळ्यांना तो बदल जाणवत नाही. संगणकाला मात्र तो आकड्यांत दिसतो. चाळणीने धान्य निवडावे तसे, श्वासाच्या लयीने होणारे बदल तेवढे संगणक वेचून घेतो, त्यांना अनेक पटींनी वाढवतो आणि मूळ चित्रात मिसळतो. मग निश्चल भासणाऱ्या बालकाची छाती भात्यासारखी हलताना दिसू लागते!

बालकाने पाय झाडले किंवा परिचारिकेचा हात मधे आला, की ही मोजणी बिघडते. अंधाराची अडचण डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाने दूर करता येते. पण खरा पेच निराळाच आहे. कधीकधी घशातील वाट बंद होते. छाती धडपडत हलत राहते, पण हवा आत जात नाही. अशा वेळी छातीकडे पाहणारा कॅमेरा फसतो, आणि आजीही फसते. नाकाशी धरलेले सूत मात्र फसत नाही, कारण ते छाती नव्हे, हवाच पाहते. उष्णता टिपणारा कॅमेराही तेच करतो: उच्छ्वासाबरोबर नाकपुड्या किंचित उबदार होतात, श्वास घेताना गार होतात, आणि तो फरक त्याला दुरूनही दिसतो.